स्पीलबर्गचे शेवट : कहाणी सुफळ संपूर्ण झालीच पाहिजे का?

मध्यंतर

आधीच सांगून ठेवतो, खाली बऱ्याच चित्रपटांचे शेवट उघडे पडणार आहेत. पाहायचे राहिले असतील तर इथूनच मागे फिरा.

स्पीलबर्ग आवडतो, म्हणूनच ही तक्रार. नावडत्या दिग्दर्शकाच्या शेवटावरून कोण कशाला डोकं फोडून घेईल? कॅमेरा कुठे ठेवायचा, माणसं चौकटीत कशी हलवायची, भीती कुठपर्यंत लांबवायची, यात या माणसाचा हात धरणारे फार थोडे. आणि तरीही शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत खुर्चीत दुसराच कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं.

उदाहरणं देतो. 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) : दोन तास निळंकरडं, थंडगार जग, आणि शेवटी कैदी सुटले, बायको परत आली, शिवाय तिला दिवस गेलेले. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (२००५) : मुलगा आगीच्या लोळात नाहीसा होतो आणि शेवटी बॉस्टनमध्ये आजीआजोबांच्या घरातून धडधाकट बाहेर येतो. कसा वाचला, एक वाक्य नाही. 'लिंकन' (२०१२) : संपला, संपला म्हणेपर्यंत आणखी दोन शेवट. 'ए.आय.' (२००१) तर विचारूच नका. यंत्रमानव मुलगा डेव्हिड समुद्राच्या तळाशी निळ्या परीसमोर प्रार्थना करत बसलाय, तिथे चित्रपट संपलाच होता. मग 'दोन हजार वर्षांनंतर' कशाला?

जाणकारांनी सांगावं : नेमकं बिघडतं काय? कुठे कापलं असतं तर वाचलं असतं? आणि दोष लेखकांचा, स्टुडिओचा की त्याचा स्वतःचाच?

---

कात्री

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. स्टुडिओवर ढकलता येणार नाही. १९९४ साली ड्रीमवर्क्स काढल्यानंतर तो स्वतःच अर्धा स्टुडिओ होता. तुम्ही दिलेले चारही चित्रपट त्यानंतरचे. लेखक म्हणाल तर 'मायनॉरिटी रिपोर्ट'ला स्कॉट फ्रँक आणि जॉन कोहेन, 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ला जॉश फ्रीडमन आणि डेव्हिड केप, 'लिंकन'ला टोनी कुश्नर. तऱ्हा मात्र सगळीकडे तीच. न बदललेली माणसं कोण? संकलक मायकेल कान, छायालेखक यानुश कमिन्स्की, संगीतकार जॉन विल्यम्स, आणि तो. म्हणजे दोष संकलनाच्या टेबलावर शिरतो आणि टेबलावर त्याचंच चालतं.

आता बिघडतं काय. 'शेवट' या एका शब्दाखाली आपण दोन गोष्टी कोंबतो : कळस, आणि कळसानंतरची आवराआवर. स्पीलबर्गचा कळस क्वचितच फसतो. 'मायनॉरिटी रिपोर्ट'चाच बघा. खून होण्याआधीच खुन्याला पकडणाऱ्या पोलीस यंत्रणेचा प्रमुख लॅमार बर्जेस, त्याच्या हातात पिस्तूल, समोर त्याचाच अधिकारी, नायक अँडरटन, आणि प्रीकॉग्जनी, म्हणजे पुढचे खून आधीच दिसणाऱ्या माणसांनी, खुनाचं भाकीत करून टाकलंय. गोळी झाडली तर यंत्रणा खरी ठरते पण म्हातारा जन्मभर अडकतो. नाही झाडली तर म्हातारा सुटतो पण यंत्रणा खोटी ठरते. तो गोळी स्वतःवर घालतो. याहून घट्ट गाठ त्या कथेला मारता आली नसती. फिलिप के. डिकच्या १९५६च्या मूळ कथेत उलटं आहे : तिथे अँडरटन यंत्रणा वाचवण्यासाठी खरोखरच खून करतो आणि पृथ्वी सोडून हद्दपारीत जातो. चित्रपटाची गाठ वेगळी आहे, पण पक्की आहे. बोंब होते ती गाठ मारून झाल्यावर. निवेदन सुरू होतं, सहा वर्षांचा प्रयोग बंद, कैद्यांना माफी, प्रीकॉग्ज दूर एका घरात पुस्तकं वाचतायत, उबदार पिवळा उजेड, बायकोचं पोट.

हे तपासायची एक साधी रीत आहे. चित्रपटाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत कोणता प्रश्न उभा राहिला तो एका ओळीत लिहा. मग जिथे परत फिरता येणार नाही असा निर्णय होतो आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, तिथलं मिनिट टिपा. त्यापुढच्या प्रत्येक प्रसंगासमोर लिहा : नवीन काय कळलं? आणि आधी मोजलेली किंमत परत केली का? नवीन काही नसेल तर ते शेपूट. किंमत परत होत असेल तर ती फसवणूक. शेपूट सहन होतं, फसवणूक नाही.

'जॉज'ला (१९७५) ही पट्टी लावा. प्रश्न : पाण्याला भिणारा पोलिसप्रमुख ब्रॉडी पाण्यात उतरेल का? उत्तर : बुडत्या डोलकाठीवर आडवा पडून तो रायफल रोखतो. शार्क फुटतो, शार्कचा अभ्यासक हूपर वर येतो, शार्क मारायला निघालेल्या क्विंटची चौकशी एका शब्दात, नकार एका शब्दात. दोघं पिंपांवर हात मारत किनाऱ्याकडे निघतात. "पूर्वी मला पाण्याचा तिटकारा होता," एवढंच ब्रॉडी म्हणतो. दोन-तीन मिनिटांत सगळं आटोपलं. क्विंट परत आला नाही. नगराध्यक्षाने माफी मागितली नाही. बायकोची मिठी नाही.

आता 'लिंकन'. प्रश्न : गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती युद्ध संपायच्या आत मंजूर होईल का? ३१ जानेवारी १८६५, ११९ विरुद्ध ५६, झाली. पुढे शरणागती वगैरे येते, ते चालतं, कारण किंमत दाखवायची आहे. मग १४ एप्रिलची संध्याकाळ. लिंकन मंत्र्यांशी बोलत बसलाय, नाटकाला जायची वेळ झालेली. जायला हवं, पण थांबलो असतो तर बरं वाटलं असतं, असं काहीसं म्हणून उठतो. हातमोजे टेबलावरच टाकून जातो. नोकर विल्यम स्लेड ते उचलतो, द्यायला म्हणून दोन पावलं पुढे येतो आणि थांबतो. लांब दिवाणखान्यातून तो उंच, किंचित वाकलेला माणूस पाठमोरा चालत जातो. स्लेड नुसता बघतो. पुढे काय झालं ते थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे पडदा काळा करायचा. त्याऐवजी काय होतं? धाकटा मुलगा टॅड दुसऱ्याच नाट्यगृहात बसलेला, तिथे आरडाओरडा, मग मृत्युशय्या, मग दिव्याच्या ज्योतीत विरघळत दुसऱ्या शपथविधीचं ४ मार्चचं भाषण. भैरवी झाल्यावर गवयाने पुन्हा तंबोरा लावायला घेतल्यासारखं.

'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये कापायची जागा त्याने स्वतःच चित्रित करून ठेवली आहे. नायक रे मुलीला तिच्या आईच्या ताब्यात देतो, आई दारातून आभार मानते, रे रस्त्यावर उभा. तिथे थांबा. जॉन फोर्डच्या 'द सर्चर्स'मध्ये (१९५६) जॉन वेन पोरीला घरी पोचवतो आणि स्वतः उंबऱ्याबाहेर राहतो, तेच चित्र. घर वाचलं, पण हा घरातला नाही. पुढच्या क्षणी हरवलेला मुलगा रॉबी बाहेर येऊन मिठी मारतो आणि ते चित्र पुसलं जातं. त्याआधी तळघरात, मुलीचे डोळे बांधून, बंद दाराआड रेने एका माणसाचा जीव घेतलाय. इतकी जबर किंमत मोजल्यावर शेवटी सुटे पैसे परत द्यायचे म्हणजे कमाल आहे.

---

बाल्कनी

धागाकर्त्याचं नावच 'मध्यंतर', त्यांना शेवट कसा आवडणार!

गंमत सोडा. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये जंतूंनी परग्रहवासी मरतात यावर लोक जास्त चिडतात. "नायकाने काहीच केलं नाही, सर्दीने मेले," वगैरे. ते मात्र स्पीलबर्गच्या खात्यावर टाकू नका. एच. जी. वेल्सच्या १८९८च्या कादंबरीत तेच आहे, आणि मुद्दाही तोच आहे : जगावर राज्य करणाऱ्यांनाही न दिसणारी गोष्ट मारते.

---

कात्री

सहमत, आणि त्याची तयारीही नीट केली आहे. सुरुवातीला मुलीच्या हातात लाकडाचं कुसळ शिरतं. बाप काढायला जातो तर ती हात लावू देत नाही. वेळ आली की माझं शरीरच ते बाहेर ढकलेल, म्हणते. हाच तर चित्रपटाचा शेवट, पहिल्या अर्ध्या तासात एका पोरीच्या तोंडी. शेवटाकडे तांबडं तण पांढरं पडून वाळत जातं आणि यंत्रावर पक्षी बसलेले दिसतात, म्हणजे कवच उतरलंय. जंतूंचा भाग व्यवस्थित आहे. रॉबीचा नाही.

---

निवडुंग

एक दुरुस्ती. प्रिय माणूस मेला असं समजावं आणि तो शेवटी घरी भेटावा, हेसुद्धा वेल्सचंच आहे. कादंबरीतला निवेदक वोकिंगच्या घरी परततो, सगळं संपलं असं मानून बसतो आणि बायको दारात उभी राहते. फरक इतकाच की तिथे बायको आधीच नजरेआड गेलेली असते, तिला आपण आगीत शिरताना पाहिलेलं नसतं. न दाखवलेला मृत्यू परत घेता येतो. टेकडी पेटलेली दाखवून मग परत घेतलात तर प्रेक्षक हिशेब मागणारच.

पण मी मुख्यतः 'ए.आय.'साठी लिहायला बसले आहे. त्या शेवटावर गेली वीस-बावीस वर्षं जो आरोप होतो तो चुकीच्या माणसावर आणि चुकीच्या कारणासाठी होतो.

आधी माणसाचं बघू. ब्रायन ऑल्डिसची १९६९ची छोटी कथा स्टॅन्ली कुब्रिकने घेतली आणि वर्षानुवर्षं तिच्यावर काम केलं. इयान वॉटसनकडून कथारूप लिहून घेतलं, 'फँगॉर्न' या नावाने काम करणाऱ्या ख्रिस बेकरकडून शेकडो रेखाटनं करून घेतली. मार्च १९९९मध्ये कुब्रिक गेला, मग स्पीलबर्गने पटकथा स्वतः लिहिली. दोन हजार वर्षांनंतरचा भाग कुब्रिकच्या आराखड्यातलाच आहे. स्पीलबर्गने मुलाखतींतून अनेकदा सांगितलंय की लोक गोड भाग माझा आणि काळा भाग कुब्रिकचा समजतात, प्रत्यक्षात पुष्कळसं उलट आहे.

आणि ते परग्रहवासी नव्हेत! ते यंत्रमानवांचे खापरपणतू आहेत. माणूस नामशेष झालाय. डेव्हिड पहिल्यांदा घरात येतो तो प्रसंग पुन्हा लावा : दारात उजेडाविरुद्ध उभा, कॅमेऱ्याचा फोकस मुद्दाम सोडलेला, त्यामुळे आकृती उंच, बारीक, लांबट हातापायांची दिसते. शेवटी येणाऱ्या त्या जीवांची आकृती हीच. पहिल्याच प्रवेशात सांगून टाकलंय की पुढे उरणार ते हे.

आता समुद्रतळाशी थांबायचं म्हणता. तिथे थांबलो तर हाती काय लागतं? यंत्राची करुण कथा, बिचारा पोर. प्रश्न तसाच राहतो. चित्रपटाचा प्रश्न सुरुवातीलाच एक सहकारी बाई डेव्हिडला घडवणाऱ्या प्रोफेसर हॉबीला विचारते : यंत्राला प्रेम करायला लावाल, पण त्याच्यावर प्रेम करायची माणसाची जबाबदारी काय? उत्तर शेवटच्या त्या एका दिवसात आहे. टेडीने, म्हणजे डेव्हिडच्या खेळण्यातल्या अस्वलाने, जपून ठेवलेल्या केसांच्या बटेवरून मोनिका, त्याला घरी ठेवून घेतलेली आई, परत आणली जाते, एकाच दिवसासाठी. घरात नवरा नाही, खरा मुलगा नाही, मागचं पुढचं काही तिला आठवत नाही. डेव्हिड तिला हवी तशी कॉफी करून देतो. झोपताना ती सांगते, माझं तुझ्यावर प्रेम आहे, नेहमीच होतं. खऱ्या मोनिकाने हे आयुष्यात त्याला सांगितलं नव्हतं. तिने त्याला रानात सोडून दिलं होतं. म्हणजे प्रेम करायला बनवलेल्या पोराला शेवटी मिळते ती प्रेम करायला बनवलेली आई. बघायला माणूस शिल्लक नाही. याला तुम्ही गोड शेवट म्हणता?

बिघाड आहे, पण तो घटनेत नाही, सांगण्यात आहे. बेन किंग्स्लीचा आवाज प्रत्येक गोष्ट उलगडून सांगतो. तो यंत्रजीव अवकाशकाळाच्या वाटा वगैरे समजावत बसतो, एकच दिवस का याचा नियम तिथल्या तिथे तयार होतो. विल्यम्सचं संगीत इतकं मऊ की प्रेक्षकाने फक्त रडायचं बाकी. तीच दृश्यं निवेदन काढून, संगीत निम्मं करून बघा, अंगावर काटा येईल.

---

मध्यंतर

निवडुंगताई, फोकस सोडल्याची खूण लक्षातच आली नव्हती. पुन्हा लावून पाहिलं, आहे खरी. 'ए.आय.'वरची तक्रार निम्मी मागे घेतो. निवेदनाची तेवढी ठेवतो.

मग तोच न्याय 'मायनॉरिटी रिपोर्ट'ला लावायचा का? तिथेही एक पळवाट सांगतात : अँडरटनला कैदेत घातल्यानंतरचं सगळं त्याचं स्वप्न आहे.

---

रीळ क्रमांक सात

त्या वाटेला आधार आहे, पण अर्धाच. तुरुंगाचा रखवालदार गिडियन अँडरटनला नळकांड्यात उतरवताना सांगतो की आत दृष्टान्त होतात, सगळी स्वप्नं खरी होतात म्हणे. त्यानंतर अक्षरशः सगळी स्वप्नं खरी होतात. रंगही बदलतो : आतापर्यंत ब्लीच बायपास करून रंग उडवलेली फिल्म, आणि शेवटी मधाळ उजेड.

पण स्वप्न ठरवायचं तर दिग्दर्शकाने एक तरी टाचणी परत टोचायला हवी, शेवटच्या चौकटीत एखादी खूण. ती नाही. म्हणून हा प्रेक्षकांनी लावलेला ठिगळाचा अर्थ आहे, आणि तो लावावा लागला कारण त्या भागातली कारागिरी ढिली आहे. दोन जागा दाखवतो. बर्जेस पकडला जातो तो जीभ घसरल्यामुळे. त्याने पूर्वी मारलेल्या बाईचा विषय निघतो आणि अँडरटनची बायको लारा म्हणते, ती बाई बुडाली असं मी म्हटलंच नव्हतं. हा डाव कुठल्याही रहस्यमालिकेत शेंबडं पोरही ओळखतं. दुसरी : लारा तुरुंगात शिरते ती नवऱ्याचा, त्याने ओळख लपवण्यासाठी बदलून घेतलेला, जुना डोळा यंत्रापुढे धरून. ज्याचा एवढा शोध घेतला, ज्याला पकडून आत घातला, त्याच्या डोळ्याची परवानगी अजून कुणी रद्द केली नाही! पहिल्यांदा तो स्वतःचा डोळा वापरतो तेव्हा घाईगर्दीत खपतं. दुसऱ्यांदा नाही.

आता मूळ प्रश्नाला इतिहास जोडतो. तो कायम असाच नव्हता. 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये (१९७७) रॉय नीअरी बायको आणि तीन मुलं सोडून सरळ परग्रहवासीयांच्या यानात चढतो. मागे वळून बघणं नाही, निरोप नाही. पुढे स्पीलबर्ग स्वतःच म्हणाला की बाप झाल्यानंतर हा चित्रपट केला असता तर रॉयला घर सोडू दिलं नसतं. त्याचं पहिलं मूल १९८५चं. त्यानंतरचे बाप बघा, सगळ्यांना घराकडे वळवलं जातं, पटकथेची इच्छा असो वा नसो.

अवांतर : त्याच चित्रपटातला हजारो माणसं आकाशाकडे बोट करतात तो भारतातला प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झालाय. 'आया रे' करत बसलेला तो जमाव आपल्या रायगडातला.

आणि शेवट आयत्या वेळी बदलला की त्याचा बिघडतो असंही नाही. उलट! 'जॉज'च्या कादंबरीत हूपर पिंजऱ्यात मरतो. ऑस्ट्रेलियात खऱ्या पांढऱ्या शार्कचं चित्रीकरण चालू असताना रिकाम्या पिंजऱ्याच्या दोरांत शार्क अडकला आणि त्याने अशी धुमश्चक्री केली की ती फीत टाकवेना. रिकामा पिंजरा वापरायचा तर हूपर निसटायला हवा, म्हणून हूपर जगला. कादंबरीत शार्क जखमांनी दमून मरतो, चित्रपटात हवेचं नळकांडं फुटून. लेखक पीटर बेंचलीला हे अजिबात पटलं नव्हतं. स्पीलबर्गचं म्हणणं असं की दोन तास लोकांना मुठीत धरलं असेल तर शेवटची काही मिनिटं ते काहीही मान्य करतील. 'ज्युरासिक पार्क'मध्ये (१९९३) टी-रेक्स शेवटी परत येणारच नव्हता, चित्रीकरण सुरू असताना त्याला वाटलं की लोक त्याच्यासाठी थांबतील. एवढं धूड सभागृहात चोरपावलांनी कसं शिरलं, हे कुणी विचारत नाही. वरून तो कापडी फलक फडफडत खाली येतो आणि विषय संपतो. हे दोन्ही शेवट शारीरिक आहेत. काहीतरी फुटतं, पडतं, चावतं. गडबड होते ती शेवटी भावना आवरायच्या असल्या की.

---

बाल्कनी

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) कुणी काढलाच नाही. तिथे शेपूट नाही, दोन्हीकडून ठिगळ आहे. सुरुवातीला कब्रस्तानात म्हातारा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर जातो, समुद्राचा आवाज, आणि थेट ओमाहा किनारा, नॉर्मंडीवरची चढाई. म्हणजे आठवण याची, असं आपण धरतो आणि पुढे रायनला शोधायला निघणाऱ्या कॅप्टन मिलरचा हात थरथरताना पाहून हा मिलर असावा म्हणतो. शेवटी कळतं म्हातारा रायन आहे. रायन तर १०१व्या हवाई तुकडीतला, आदल्या रात्री छत्रीने उतरलेला. तो ओमाहावर नव्हताच! ज्याने पाहिलंच नाही त्याच्या डोळ्यांतून पंचवीसेक मिनिटांची चकमक दाखवली. याला काय म्हणायचं?

शेवटी मिलर मरताना "याला पात्र हो" एवढंच सांगतो, त्याचा थरथरणारा हात थांबतो. तिथे संपलेला चित्रपट पुन्हा कब्रस्तानात नेऊन म्हाताऱ्याकडून विचारून घेतात, मी चांगला माणूस आहे ना? बायको म्हणते, आहेस. प्रश्न आयुष्यभराचा होता, उत्तर दोन सेकंदांत मिळालं.

घरी बघताना प्रयोग करा : सुरुवातीचं कब्रस्तान ओलांडून थेट होड्यांपासून लावा, आणि मिलरचा हात थांबला की बंद. एकाही घटनेचा संदर्भ सुटत नाही.

---

निवडुंग

'शिंडलर्स लिस्ट'वर (१९९३) मात्र भांडण होईल, म्हणून आधीच मांडते. शेवटी वाचवलेले ज्यू कामगार अंगठी देतात आणि कारखानदार शिंडलर कोसळतो. ही गाडी का ठेवली, दहा माणसं आली असती. ही सोन्याची पिन, दोन माणसं, निदान एक. पुष्कळांना हे अति वाटतं. अर्धं मलाही वाटतं, कारण तीन तास ज्या माणसाच्या मनाचा थांग लागू दिला नाही त्याला अचानक स्वतःचा अर्थ मोठ्याने सांगायला लावलाय. पण ओळी बघा : रडणं नाही, हिशेब आहे. गाडी बरोबर दहा, पिन बरोबर दोन. पूर्ण चित्रपट यादी, रक्कम, माणशी दर यांवर उभा आहे. ओळी बरोबर आहेत, सभोवतीची गर्दी आणि व्हायोलिन जास्त आहे. अंगठीनंतर दोनच माणसं, शिंडलर आणि त्याचा हिशेबनीस स्टर्न, आणि हलक्या आवाजात तोच हिशेब झाला असता तर कुणी तक्रार केली नसती.

त्यानंतर जेरुसलेमची रंगीत दृश्यं, वाचलेली खरी माणसं आणि त्यांची भूमिका करणारे नट जोडीने येऊन कबरीवर दगड ठेवतात. कात्रींच्या पट्टीवर हे शेपूट ठरत नाही. नवीन गोष्ट कळते : यादीतली नावं म्हणजे ही चालती माणसं.

---

कात्री

मान्य. पट्टी लावली तर 'म्युनिक'चीही (२००५) हीच दोन तोंडं दिसतात. पलंगावरचा प्रसंग आणि इस्रायली खेळाडूंचं विमानतळावरचं हत्याकांड आलटूनपालटून दाखवलंय ते भयंकर फसलंय, कारण सूड घ्यायला पाठवलेला इस्रायली हेर अवनेर विमानतळावर नव्हताच. न पाहिलेल्याची आठवण, रायनसारखीच. पण नंतरची शेवटची चौकट चोख : घरी जेवायला ये म्हटल्यावर त्याचा वरिष्ठ एफ्राइम नाही म्हणतो, दोघं दोन दिशांना, आणि मागे क्षितिजावर न्यूयॉर्कचे जुळे मनोरे तसेच उभे. एक शब्द नाही.

अजून एक योगायोग नोंदवून ठेवतो, सिद्धान्त म्हणत नाही. 'ब्रिज ऑफ स्पाइज'ला (२०१५) विल्यम्स नव्हता, थॉमस न्यूमन होता. शेवटी नायक, वकील डोनोव्हन, न्यूयॉर्कच्या आगगाडीतून बाहेर बघतो, पोरं परसातल्या कुंपणावरून उड्या मारतायत. बर्लिनच्या गाडीतून त्याने भिंत ओलांडणाऱ्यांवर गोळ्या झाडलेल्या पाहिल्यात. तो नुसता बघतो. त्या जागी तुतारी वाजली असती तर?

---

मध्यंतर

म्हणजे त्याला जमतं, हे सगळ्यांत जास्त चिडवणारं. 'द फेबलमन्स'चा (२०२२) शेवट त्यानेच केलाय ना? म्हातारा दिग्दर्शक जॉन फोर्ड पोराला सांगतो, क्षितिज खाली असेल तर चित्र रंजक, वर असेल तर रंजक, मधोमध असेल तर कंटाळवाणं. पोरगा स्टुडिओच्या गल्लीतून पाठमोरा उड्या मारत निघालाय, क्षितिज नेमकं मधोमध. आणि कॅमेरा गचका खाऊन वर होतो, क्षितिज खाली. संपलं! आईवडिलांचं पुढे काय झालं, पोरगा मोठा दिग्दर्शक झाला का, काही नाही.

एक व्यावहारिक प्रश्न. रीळभाऊंमुळे 'क्लोज एन्काउंटर्स' पुन्हा काढायचाय. त्याच्या तीन आवृत्त्या दिसतात. शेवट कोणत्या आवृत्तीत बरा?

---

रीळ क्रमांक सात

१९७७ची १३५ मिनिटांची, १९८०ची १३२ची, १९९८ची १३७ची. १९७७ साली कोलंबिया स्टुडिओला पैशांची निकड होती, त्यामुळे त्याला हवा तेवढा वेळ मिळाला नाही. नंतर हवे ते प्रसंग घालायला पैसे दिले ते एका अटीवर : यान आतून दाखवायचं, म्हणजे जाहिरातीत सांगता येईल. १९८०च्या आवृत्तीत रॉय यानाच्या पोटात शिरतो, वर दिवेच दिवे, तो आ वासून बघतो, आणि तीन वर्षं लोकांनी मनात जे रंगवलं होतं ते झुंबरांच्या दुकानासारखं निघतं. चूक त्याने पुढे कबूल केली आणि १९९८मध्ये तो भाग काढून टाकला. १९८०मधलं चांगलं, वाळवंटात पडलेलं जहाज वगैरे, तेवढं ठेवलं. शेवट पुन्हा दार मिटण्यावर.

तेव्हा १९९८ची घ्या. डबा घेत असाल तर मागे मिनिटं बघा. तिन्ही एकत्र असलेला संच मिळाला तर उत्तम. एकटी १३२ची असेल तर रॉय आत पाऊल टाकेपर्यंतच बघा.